कुलूपबंदीनंतरची शाळा

लातूर जिल्ह्यात शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत 'पॅटर्न'वर येतं. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, बारावीचे निकाल, वैद्यकीय प्रवेशाचे आकडे, शिकवण्या आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या खोल्या-खाणावळी. शिरूर अनंतपाळ तालुक्यातूनही दर जूनमध्ये कितीतरी आईबाप पोराची गादी-बादली घेऊन लातूरच्या एसटीत बसतात, ते याच नावावर विसंबून. पॅटर्नने जिल्ह्याचं नाव केलं, यात वाद नाही. पण त्याचा गाभा शोधायला गेलं तर एकच सापडतो: शेजारच्या बाकावरच्यापेक्षा आपल्याला एक गुण तरी जास्त पडला पाहिजे.

ही पुस्तिका त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका शिक्षणाबद्दल आहे. तिथे शेजारचा शिकवायला बसला नाही तर आपलं शिकणंच सुरू होत नाही. वर्ग आहे कारागृहाची बराक. विद्यार्थी विशीतला असेल, सत्तरीतलाही असेल. शिकवणारा त्याच बराकीत, त्याच सतरंजीवर झोपणारा. कारागृहातल्या प्रौढ साक्षरतेत 'सहकारी अध्ययन' म्हणतात ते हेच. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या माणसांना अनोळखी नाही.

शिरूर अनंतपाळ १९९९ साली तालुका झाला. तहसील आलं, कचेऱ्या आल्या. पण इथल्या कुणाला न्यायालयीन कोठडी मिळाली, की त्याची वाट बहुधा लातूरच्या जिल्हा कारागृहाकडे जाते. लांब मुदतीची शिक्षा लागली तर पुढे मध्यवर्ती कारागृह: छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल, येरवडा, नाशिक. या सगळ्या प्रवासात माणसासोबत वाढत जाते ती कागदांची चळत. अटकेचा पंचनामा, दोषारोपपत्र, वकीलपत्र, जामिनाचा अर्ज, तारखांची नोंद. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत असे आणि मराठी शेतकरी त्याखाली अंगठा उठवून मोकळा होई. आता खालच्या न्यायालयांतला बराचसा कागद मराठीत असतो. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या लेखी मात्र उर्दू काय आणि मराठी काय, अंगठा तोच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशातल्या कारागृहांत दर चार बंद्यांमागे साधारण एक निरक्षर असतो. आणखी पुष्कळ जण दहावीच्या अलीकडेच शाळा सुटलेले. २०२२ अखेर देशात पावणेसहा लाखांच्या आसपास बंदी होते आणि त्यातले पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. पुढे जे लिहिलं आहे ते वाचताना हा दुसरा आकडा डोक्यात ठेवावा. जिल्हा कारागृहातल्या शिक्षणाची निम्मी अडचण त्याच्यातच आहे.

पण आधी कारागृहाचं घड्याळ. सकाळी बराकी उघडतात, मोजणी होते. मग चहा-नाश्ता, कामं, जेवण, दुपारी काही वेळ पुन्हा बंद. संध्याकाळचं जेवण घेऊन दिवस मावळायच्या सुमाराला परत मोजणी आणि कुलूप. तिथून सकाळपर्यंत सगळे त्या एका लांबट खोलीत. बाहेरून जाणारा स्वयंसेवक, कारागृहाचे गुरुजी, समाजकार्य महाविद्यालयाचा विद्यार्थी यांच्या वाट्याला येतो तो दिवसातला एखादा तास. तोही मुलाखती, न्यायालयाच्या तारखा, झडत्या आणि साहेबांच्या भेटी यांतून उरलेला. शिकायला खरा मोकळा वेळ आहे तो कुलूप लागल्यावर, आणि तेव्हा आत गुरुजी नसतात. तेव्हा शिकवणार कोण, हा प्रश्न भिंतीनेच सोडवून टाकलेला आहे. ते काम नीट मांडून द्यायचं की आपोआप होईल तसं होऊ द्यायचं, एवढंच आपल्या हातात उरतं.

आपोआप ते होतच असतं. एकच वर्तमानपत्र येतं, एक जण मोठ्याने वाचतो, दहा जण ऐकतात. घरचं पत्र आलं की ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, आणि बायकोने काय लिहिलंय ते आधी परक्याला कळतं. ज्याला वाचता येत नाही तो ते चटकन कबूल करत नाही. चष्मा घरी राहिला, डोळ्यांत पाणी येतं, अक्षर बारीक आहे, अशी कारणं पुढे करतो. प्रौढ निरक्षराची लाज पोराच्या लाजेहून खोल असते. कारागृहात तर माणूस आधीच एका नामुष्कीखाली दबलेला असतो. त्याला फळ्यासमोर उभं करून 'ग गणपतीचा' म्हणायला लावणं म्हणजे दुसरी शिक्षा. चार जणांच्या घोळक्यात बसून, दुसऱ्याच्या खांद्यावरून कागदात डोकावत तो शिकू शकतो, कारण तिथे त्याच्याकडे कुणी बघत नसतं, सगळे कागदाकडे बघत असतात.

आपल्याकडे श्रावणात पोथी लागते, तिची बैठक आठवून पाहा. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांत एखादा म्हातारा असतो. त्याला अक्षर ओळखता येत नाही, पण वाचणाऱ्याने ओवीत एक शब्द गाळला की तो तिथल्या तिथे टोकतो. वर्षानुवर्षं ऐकून ओवी त्याला पाठ झालेली असते. पाठ असलेला मजकूर त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत ठेवा, बोट फिरवत सगळ्यांनी एकत्र म्हणा, आणि मग मध्येच थांबून विचारा, 'आत्ता आपण कुठं आहोत?' तो बरोबर जागा दाखवतो. वाचनाची पहिली पायरी त्याने न कळत चढलेली असते. बाराखडी पाठ करण्यात घालवलेल्या महिन्यांपेक्षा ही वाट जवळची आहे, असं माझं मत आहे. या पुस्तिकेचा पहिला भाग तिच्यावरच उभा आहे.

तुरुंगात एकत्र बसून शिकण्याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण धुळ्याचं. १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून ती उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत याच गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. आपण या गोष्टी थोरांच्या प्रतिभेच्या म्हणून सांगतो. मला त्यातली मांडणी जास्त महत्त्वाची वाटते: एक बोलणारा, एक लिहिणारा, बाकीचे ऐकणारे, आठवड्याचा ठरलेला दिवस आणि पुढच्या रविवारची वाट पाहण्याचं कारण. आपल्या भागाचं सांगायचं तर स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतले मास्तर. निजामाच्या तुरुंगात ते पुन्हा पुन्हा गेले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि शिरूर अनंतपाळच्या पोरांच्या पदवीवर ते छापलेलं असतं.

अर्थात राजबंद्यांचा तुरुंग वेगळा होता. ते ताठ मानेने आत गेले होते आणि बहुतेक शिकलेले होते. आजच्या बराकीत धुळ्याची नक्कल होणार नाही. तिथे विनोबा नाहीत. दहावी नापास पोरगा आहे, आडतीवरचा हमाल आहे, ऊसतोडीला जाणारा आहे, शेताच्या बांधावरून भांडण होऊन आत आलेला साठीचा शेतकरी आहे. एवढ्याच सामानावर शाळा चालवायची आहे.

चालते कशी, ते एका जोडीवरून पाहू. एका बाजूला तो साठीचा शेतकरी. त्याला विचारा, पंधरा हजार रुपये शेकडा तीनने सात महिने वापरले तर व्याज किती? तो वर छताकडे बघतो आणि सांगतो, तीन हजार दीडशे. चार वेळा सावकाराच्या दारात उभं राहून आलेलं हे गणित आहे. पण ३१५० हा आकडा समोर लिहिला तर तो त्याला वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूला दहावी नापास पोरगा. तो आकडा वळणदार काढतो, पण व्याज काढायला त्याला मोबाइलचं कॅल्क्युलेटर लागतं, आणि मोबाइल तर गेटवरच जमा झालेला. या दोघांना एका कागदाशी बसवलं की शिक्षक कोण नि विद्यार्थी कोण हे दर पाच मिनिटांनी बदलतं. म्हातारा उत्तर सांगतो, पोरगा लिहितो, मग म्हातारा तेच गिरवतो. पोरगा विचारतो, 'पण तुम्ही काढलं कसं?' म्हातारा हातचे, पटी, निम्मे असं फोडून सांगायला लागतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी तरी त्याच्या डोक्यातल्या हिशेबाची रीत विचारलेली असते. प्रौढ माणूस कोऱ्या पाटीने येत नाही, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत असतंच. बराकीत ते डोळ्यांना दिसतं.

नावाचंही तसंच. प्रत्येकाला पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहायचं असतं. सही आली की अंगठ्याची शाई सुटली. आपली जुनी पाठ्यपुस्तकं 'कमल', 'घर', 'बस' यांपासून सुरू होतात आणि जोडाक्षरं शेवटी ठेवतात. पण लातूरकडच्या माणसाचं नाव व्यंकट असतं, ज्ञानोबा असतं, लक्ष्मण असतं. पहिल्या नाही तर दुसऱ्याच अक्षराला जोडाक्षर! क्रम मोडावा लागतो. मोडावा. नामदेवला पहिल्या आठवड्यात सही जमते, व्यंकटला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस व्यंकटला सावरायचं काम नामदेवाचं, ही वाटणी पहिल्या दिवशीच करून ठेवावी.

कोण कुणाशेजारी बसणार, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण तसा तो नाही. आपल्याकडच्या बराकीत मराठी आहे, दखनी आहे, तांड्यावरून आलेल्यांची गोरबोली आहे, पारध्यांची वेगळी बोली आहे, बिदरकडून आलेला कुणी कानडी बोलणारा आहे. जातीचं सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. कारागृहांच्या नियमावल्यांत जात पाहून कामं वाटण्याच्या, वेगळं ठेवण्याच्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरण्याच्या ज्या तरतुदी शिल्लक होत्या, त्या घटनाबाह्य ठरल्या. शांता या मुंबईच्या पत्रकार, आणि प्रकरण त्यांच्याच बातमीदारीतून उभं राहिलं होतं. निकालाने नियम पुसला. माणसांच्या बसण्याच्या जागा मात्र निकालाने बदलत नाहीत, त्या रोज संध्याकाळी बदलाव्या लागतात. अभ्यासाचे गट चिठ्ठ्या टाकून करा, असं या पुस्तिकेत म्हटलंय ते त्यासाठी. एका गटात एकाच गावचे, एकाच गुन्ह्यातले, एकाच जातीचे नकोत.

याच कारणाने मजकूरही निवडून घ्यावा लागतो. पोथी चांगली, पण ती बराकीतल्या सगळ्यांची नसते. आपल्याच तालुक्यातल्या उजेड गावात जानेवारीत गांधीबाबांच्या नावाने यात्रा भरते. कुठल्याच एका जातीधर्माच्या दैवताची ती नव्हे, साऱ्या गावाची. बराकीतही असा साऱ्यांचा मजकूर लागतो, आणि तो शोधायला लांब जावं लागत नाही. तो आहे अर्ज. 'मा. अधीक्षक साहेब यांस, विनंती की' हे शब्द हिंदूला, मुसलमानाला, लमाण्याला, पारध्याला सारखेच लागतात. मुलाखतीचा अर्ज, औषधाचा अर्ज, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागण्याचा अर्ज, शिक्षा झालेल्यांचा संचित रजेचा अर्ज. गरज रोजची आणि भाषा ठरीव, त्यामुळे पंधरावीस शब्द आले की बरंच काम भागतं.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरीने हीच दिशा धरली होती. १९६३ साली आंजिकोस या दुष्काळी भागातल्या गावात त्याने सुमारे तीनशे मजुरांना त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन, वर्तुळात बसवून, चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरी स्वतः सत्तर दिवस तुरुंगात राहिला. इंग्लंडमध्ये शॅनन ट्रस्ट ही संस्था वाचता येणाऱ्या कैद्याला न येणाऱ्याजवळ रोज वीस मिनिटं बसवते. तिहारमध्ये 'पढो और पढाओ' चाललं. या योजनांतून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पण इंग्लंडची एकास-एक जोडी कोठडीत जमते. आपल्या खचाखच बराकीत चार-पाच जणांचा गटच टिकतो, कारण एकाला तारखेला नेलं तरी बाकीचे बसतात.

आता धोक्याचं. बराकीत अक्षर ही सत्ता असते. अर्ज लिहून देणाऱ्याला कँटीनची बिस्किटं मिळतात, त्याचे कपडे दुसरा धुतो, नळावर त्याला आधी जागा मिळते. अशा माणसालाच आपण 'गुरुजी' केलं तर तो इतरांना शिकवेल कशाला? त्याच्या पोटावरच पाय येतो. साक्षरतेच्या कामात भाबडेपणाने येणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. यावर या पुस्तिकेतला उपाय साधा आहे. पहिला अर्ज जाणकाराने लिहायचा, बाकीच्यांनी बघायचा. दुसरा सगळ्यांनी सांगायचा आणि त्याने उतरवायचा. तिसऱ्याला त्याने पेनाला हात लावायचा नाही. अक्षर वेडंवाकडं आलं तरी तोच अर्ज पुढे जाईल, अशी हमी अधिकाऱ्यांनी दिली पाहिजे. खाडाखोड आहे म्हणून एकदा अर्ज परत आला की महिन्याची मेहनत वाया जाते.

मघाचा आकडा इथे येतो. न्यायाधीन बंदी उद्या सुटू शकतो, नाही तर दोन वर्षं बसू शकतो. त्याची बदली दुसऱ्या कारागृहातही होते. आज गटात असलेले पाच जण पुढच्या महिन्यात असतीलच असं नाही. म्हणून 'धडा १४, मागील धड्यावरून पुढे' अशी रचना इथे चालत नाही. प्रत्येक बैठक त्या दिवसापुरती पुरी झाली पाहिजे. आज आलेल्याला आज काहीतरी घेऊन झोपता आलं पाहिजे: स्वतःच्या नावातली दोन अक्षरं, नाही तर तारखेचा आकडा. शिक्षा झालेल्या बंद्याने परीक्षा उत्तीर्ण केली तर महाराष्ट्रात त्याला शिक्षेत विशेष माफी मिळू शकते. ही सवलत चांगली आहे आणि तिने मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासाला जोर आला. पण न्यायाधीनाला शिक्षाच नाही, तर माफी कशातून देणार? जिल्हा कारागृहात आमिष चालत नाही, गरजच चालते. शिकवणाऱ्या सिद्धदोष बंद्याच्या खात्यावरही शिकणाऱ्याइतकेच दिवस जमा व्हावेत, ही मागणी मात्र मी इथे नोंदवून ठेवतो.

सध्याच्या 'उल्लास' कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांची परीक्षा होते. दीडशे गुण, वाचन-लेखन-संख्याज्ञान असे पन्नास-पन्नासचे तीन भाग. मार्च २०२४ मध्ये राज्यात ती पहिल्यांदा झाली. परीक्षेला माझा विरोध नाही. आयुष्यात पहिलं प्रमाणपत्र हाती आलेला माणूस मी पाहिला आहे. पण परीक्षा एकेकट्याची असते आणि शिकणं पाच जणांचं झालेलं असतं, हे मोजणाऱ्यांनी विसरू नये. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा अख्खं गाव साक्षर झालं की समारंभ होई. गाव हा घटक धरण्यात शहाणपण होतं. पुढे वाचायला काही न उरल्याने अनेकांचं अक्षर गेलं, हाही त्याच मोहिमेचा धडा. बराकीतून सुटलेल्याचं असंच होतं. घरी गेल्यावर त्याला कुणी वाचायला देत नाही, अर्ज पोरगाच भरतो.

महिला विभागाबद्दल या पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. जिल्हा कारागृहात बायका मोजक्याच असतात, कधी गट करण्याइतक्याही नसतात. काहींसोबत सहा वर्षांपर्यंतचं लेकरू असतं. बचत गटात सही करून आलेली बाई तिथे बहुतेक वेळा शिक्षिका होते. आई आणि लेकरू एकाच पाटीवर शिकले तर दोघांचं काम होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत निरक्षर कैद्यांचं शिक्षण सक्तीचं म्हटलं आहे आणि ते देशाच्या सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेशी जोडलेलं असावं, अशीही अपेक्षा आहे. दिल्ली-मुंबईने काय करायचं ते त्यांनी करावं. शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंगा भागात निवृत्त शिक्षकांची संख्या कमी नाही आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचे दिवस पारावर जातात. त्यांना विनंती एवढीच: कारागृह अधीक्षकांच्या नावे एका पानाचा अर्ज करा, परवानगी मिळेल तो वार ठरवून घ्या. आत गेल्यावर शिकवायला सुरुवात करू नका. आधी विचारा, इथे इतरांचे अर्ज कोण लिहून देतं. तो सापडला की त्याच्यासमोर ही पुस्तिका ठेवा आणि शेवटची चार पानं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. पेन्सिली, खोडरबर आणि रेघांच्या वह्या सोबत न्या. पेन आत नेता येईल की नाही, ते गेटवर आधी विचारून घ्या.

शिरूर अनंतपाळ, जि. लातूर